शेवटच्या कडव्यातली जागा

परीक्षा संपल्या की अमरावतीच्या गल्ल्यांतून रद्दीवाल्यांच्या हातगाड्या फिरू लागतात. दुपारचा वारा भट्टीतून आल्यासारखा येतो, घरोघरी कूलरची घरघर चालू असते, कडुनिंबाचा मोहोर गळून अंगणात पिवळट चुरा साचलेला असतो, आणि त्या सामसुमीत लांबून हाक येते, ‘पेपर, रद्दीऽऽ’. मी अंथरुणावरून उठतो. विकायला माझ्याकडे काही नसतं. तरी दार उघडून उभा राहतो, आणि गाडीवर दोरीनं बांधलेले गठ्ठे पुढून, बाजूनं, मागून पाहतो. अपेक्षितं, गाइडं, कुणाचं तरी न उघडलेलं रसायनशास्त्र. त्यांच्या खाली कधीकधी एखादी जुनी कड दिसते, पिवळी, तंबाखूच्या रंगाची. मग मी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकतो.

“विकायचं नाही, घ्यायचं नाही, मग उन्हात उभे कशाला राहता?” मालती आतून विचारते.

“पाहतो जरा.”

“पाहता कमी आणि फिरता जास्त. हॉल ते दार, दार ते हॉल. फरशी झिजवली तुम्ही. जाऊन या ना अकोल्याला एकदाचे.”

माझी बायको मला चाळीस वर्षं ओळखते. एप्रिल आला की माझे पाय घरात ठरत नाहीत हे तिला माहीत आहे, आणि ते कुणामुळे ठरत नाहीत हेही. पूर्वी ती यावर हसायची. आता हसत नाही, नुसती कापडी पिशवी काढून खुंटीला लावून ठेवते.

रमेश अकोल्याला पाटबंधारे खात्यात होता. मूळचा चांदूर रेल्वेचा. आमची ओळख झाली तीच अकोल्याच्या एका फूटपाथवर, एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला म्हणून. मी कॉलेजात मराठी शिकवणारा, बोलायला संकोची. त्यानं पुस्तक सोडलं नाही आणि मीही सोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, “असं कर, आज तू ने, वाचून मले आनून दे. नाई आनलं तं अमरावतीले येऊन नेईन, पत्ता सांग.” मी पत्ता दिला. त्यानंतर दर उन्हाळ्यात, परीक्षा आटोपल्यावर आणि रद्दीचे ट्रक निघायच्या आधी, जो काय थोडा काळ मिळतो त्यात आम्ही अकोल्याचा जुना बाजार धुंडाळत असू. तो आमचा हंगाम. शेतकऱ्याला पेरणीची घाई असते तशी आम्हाला ती घाई असायची.

बडनेऱ्याहून गाडीत बसायचं. दोन्ही बाजूंनी काळी, भेगाळलेली जमीन. कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले. मूर्तिजापूर गेलं की डब्यातली माणसं उपरणी ओली करून डोक्याला गुंडाळायची. अकोल्याला उतरलं की ऊन आधी डोळ्यांना लागतं, अंगाला नंतर. रमेश स्टेशनबाहेर उभा असायचा, डोक्यावर रुमाल, हातात दोन कांदे. एक माझ्या खिशात कोंबायचा. “ठेव. मास्तरलोकायले लू लवकर लागते.”

ते पुस्तक आम्हाला सापडलं त्याला बरीच वर्षं झाली. सापडलं म्हणजे, सोलताना सापडलं. रद्दीच्या व्यापाऱ्याकडे पुस्तकं आली की आधी पुठ्ठे सोलतात. पुठ्ठा एका गिऱ्हाइकाला जातो, कागद दुसऱ्याला. गोदामात दोघं-तिघं मांडी घालून बसलेले असतात आणि पुस्तकाची पाठ गुडघ्यावर ठेवून एका झटक्यात कव्हर ओढतात. कव्हराबरोबर बहुतेक वेळा पहिली चार पानंही जातात. म्हणजे पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, छापखाना, साल, अर्पणपत्रिका. उरतो तो फक्त मजकूर. रमेश त्या गोदामात शिरला आणि सोललेल्या ढिगातून एक पातळ पुस्तक उचलून उभ्याउभ्याच वाचायला लागला. मी दारात घाम पुसत होतो.

“अबे, इकडे ये. हे पाह्य.”

कविता होत्या. एक शाळेच्या घंटेवर होती. घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा तुकडा, झाडाला टांगलेला. कवी म्हणत होता की गाडी पुढं निघून गेली, आवाज मात्र आमच्या गावाला ठेवून गेली. एक आटलेल्या विहिरीवर होती. एक कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर, तीत कापसाचा शब्द एकदाही नव्हता. साधी, कोरडी, न ओरडणारी भाषा. मी वर्गात ज्या कवींची नावं फळ्यावर लिहीत आलो, त्यांच्यापैकी कोणाचीच ती नव्हती. पण ती कुणाची तरी होती एवढं दोन पानांत कळत होतं.

“कोनाचं असंन?” रमेशनं विचारलं.

“पहिली पानं कुठंयत?”

गोदामातला माणूस हसला. “पयली पानं? हे इतके गठ्ठे पाह्यले का भाऊ? शोधा, मी नाई म्हनत नाई.”

आम्ही खरोखर शोधत बसलो. अंधार पडेपर्यंत.

त्या पुस्तकातली एक कविता रांजणावर होती. शेवटचं कडवं असं:

*……… येऊन गेला, ओला उरला काठ*
*पालथा झाला पेला, पाहू नका वाट*

ओळीच्या सुरुवातीला नुसती टिंबं. मी म्हटलं, अक्षरांचे खिळे कमी पडले असतील, जिल्ह्याच्या छापखान्यात असं होतं. रमेश म्हणाला, शब्द पुसट असेल, शाईनं धरलं नसेल. त्यानं ते पान उन्हात धरून मागून पाहिलं, पेन्सिल आडवी फिरवून पाहिली. काही उमटलं नाही.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात ते गाणं आम्हाला ऐकू आलं. दिवसभर फिरून आम्ही एका रसवंतीत बसलो होतो, पायाशी पिशव्या, पेल्यात बर्फ. रस्त्याच्या पलीकडे वस्तीच्या तोंडाशी बायकांचा घोळका जमला होता. निंबाच्या सावलीला लाल फडकं गुंडाळलेला मोठा रांजण होता. पाणपोई सुरू होत होती. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी त्या वस्तीत ती दरवर्षी सुरू होते. बायका गायला लागल्या, आणि रमेशच्या हातातला पेला तसाच राहिला.

“रांजन,” तो म्हणाला. “आपला रांजन होय बे हा.”

तेच शब्द होते. तीच कडवी, त्याच क्रमानं. आणि शेवटच्या कडव्यात टिंबं नव्हती. तिथं नाव होतं: *देवाजी येऊन गेला, ओला उरला काठ.*

कवितेच्या शेवटी नाव येणं म्हणजे काय, हे मराठीच्या मास्तराला कुणी सांगायला नको. संतांपासून शाहिरांपर्यंत सगळ्यांनी शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा ठेवली आहे. मी वर्गात हेच तर शिकवत होतो. कवी देवाजी! आम्ही रसवंतीवाल्याला विचारलं, हा देवाजी कोण?

“देवाजी? तो तं वारला बावा. मांगच्या पावसायात.”

आम्ही एका वर्षानं चुकलो होतो.

पुढच्या एप्रिलला आम्ही मुद्दाम त्याच दिवशी, त्याच बाकावर जाऊन बसलो. या वेळी बायकांनी म्हटलं, *सुगंधा येऊन गेली*. रमेशनं माझ्या मांडीवर थाप मारली. “बाई होती लेका! कवयित्री! देवाजीनं ढापलं असंन तिचं.” कापूस वेचणाऱ्या बोटांची ती कविता बाईशिवाय कोण लिहील, असं आम्ही एकमेकांना पटवून दिलं. सुगंधाची चौकशी केली. तीही त्या मधल्या वर्षात गेलेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेषराव. तोही गेलेला.

“एक सांगू का?” रमेश पेल्यातला बर्फ चघळत म्हणाला. “आपन आलो की कवी मरून राह्यले. हे काई चांगलं लक्षन नाई. पुढच्या टायमाले तू एकटाच येजो, नाई तं मीच एकटा येतो. दोघं मिळून लई भारी पडतो.”

आज हे लिहिताना मला आमचं आश्चर्य वाटतं. रस्ता ओलांडून त्या बायकांना विचारलं असतं तर काय झालं असतं? पण दोन वयस्क पुरुष, घामेजलेले, हातात रद्दीच्या पिशव्या. बायकांच्या घोळक्यात शिरायला आम्ही धजावलो नाही. शिवाय, खरं सांगायचं तर आम्हाला उत्तर माणसांकडून नको होतं, छापील पानावर हवं होतं. कुठंतरी या पुस्तकाची दुसरी प्रत असेल, कव्हरासकट. ती आपल्यालाच सापडेल. त्या प्रतीसाठी आम्ही अकोल्याच्या गोदामांत आणि अमरावतीच्या फूटपाथवर बसलो, बंद पडलेल्या वाचनालयांच्या लिलावांना गेलो, एका निवृत्त तलाठ्याच्या माळ्यावर चढलो आणि तिथल्या धुळीनं आठवडाभर शिंकत राहिलो. प्रत मिळाली नाही. ती मिळत नव्हती म्हणून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भेटायला कारण होतं.

रमेश थंडीत गेला. अमरावतीच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी एक संत्रं सोलत होतो, आणि फोन ठेवल्यावर ते सोलून पूर्ण केलं, फोडी वेगळ्या केल्या, शिरा काढल्या. खाल्लं नाही. अकोल्याला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी फाटकातून विचारलं, “काल दिसले नाही सर?”

“अकोल्याला गेलो होतो. मित्र वारला.”

“अरेरे.” मग एक क्षण थांबून, “तुमच्याकडे नळ आला का आज?”

त्यांचा दोष नाही. मित्र गेल्यावर काय करायचं, याची आपल्याकडे रीतच नाही. भाऊ गेला तर सुतक आहे, लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भाकरी येते, दहाव्याला, तेराव्याला माणसं गोळा होतात. रमेशच्या घरी त्यांच्या रीतीनं वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, तिथं मी मागच्या रांगेत सतरंजीवर बसून आलो. पण माझ्या घरी काय? माझ्या घरी काहीच झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, पेपर आला. मी दाढी करून बसलो आणि कुणी येईल म्हणून उगाच दाराकडे पाहत राहिलो. कुणी यायचं कारण नव्हतं.

त्यानंतरचा एप्रिल. गेल्या वर्षीचा. त्याच एप्रिलबद्दल मला खरं लिहायचं आहे आणि मघापासून मी त्याच्या भोवतीच फिरतो आहे.

जायचं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. कविता माझ्या टेबलावर होत्या. पुस्तक रमेशकडे असायचं, वहिनींनी ते माझ्या हातात देताना म्हटलं होतं, “हे तुमचं दोघायचं लेकरू. आता तुमीच सांभाळा.” कवीचं नाव शोधून काढावं, पुस्तक पुन्हा छापून घ्यावं, रमेशची तीच इच्छा होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. पण रात्री पुस्तक उघडलं की वाटायचं, नाव सापडलं तर मग काय? मग अकोल्याला जायचं कशाला? त्या टिंबांच्या जागी नाव बसलं की रमेशबरोबरचं शेवटचं काम संपलं. नाव सापडावं म्हणून मी तडफडत होतो आणि सापडू नये म्हणूनही. या वेळी रेल्वे सोडून बसनं निघालो, तेव्हासुद्धा मूर्तिजापूरला उतरून परत फिरावं असं मनात आलं. उतरलोही. थंड पाण्याची बाटली घेतली आणि कंडक्टर ओरडला तेव्हा परत चढलो. खिशात कांदा नव्हता.

बाजारात मी गेलोच नाही. थेट रसवंतीत जाऊन बसलो, तर तिथंही बसवेना. बाकाची दुसरी बाजू रिकामी राहिली की बाक एका टोकाला उचलला जातो, हे आजवर लक्षात आलं नव्हतं. रस अर्धा टाकला. समोर बायका जमायला लागल्या होत्या. रांजण चुन्यानं पांढरा केलेला, त्यावर लाल फडकं. मी उठलो आणि रस्ता ओलांडला. त्यात काही धाडस नव्हतं. बसवत नव्हतं, एवढंच.

घोळक्याच्या मधोमध एक उंच बाई चष्मा कपाळावर चढवून सगळ्यांना हुकूम सोडत होती. “अवं, फडकं ओलं कर ना आंदी! कोरडं गुंडाळून काय फोटो काढाचा हाये का?” मला पाहून म्हणाली, “पानी लागते का भाऊ? थांबा जरासेक. अजून सुरू नाई झालं.”

“पाणी नको. या गाण्याबद्दल विचारायचं होतं. मी अमरावतीहून आलोय.”

“गान्यासाठी? अमरावतीहून?” तिनं चष्मा नाकावर घेतला. “मंग बसा. मी कांता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते, म्हनून मले लोकं घाबरतात. तुमी घाबरू नका.”

मी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. कांताताईंनी ते उघडलं, दोन पानं वाचली आणि खाली ओट्यावर बसल्या. घंटेची कविता त्यांनी ओळींवरून बोट फिरवत दोनदा वाचली.

“आमच्या शाळेचा होय हा रूळ,” त्या म्हणाल्या. “मी वाजवला हाये. हे मास्तरनं लिवलं?”

“कोणते मास्तर?”

“तुळशीराम मास्तर. आमाले चौथीले होते. पुस्तक काढलं होतं त्यायनं? मले तं माहीतच नाई! आमाले वाटे का हे एकच गानं लिवलं बुढ्यानं, पानपोईचं. आनि इतक्या कविता? इतक्या?” त्या पानं उलटत राहिल्या. “कोनाले बोलले नाई. पक्के होते.”

तुळशीराम. एवढंच होतं. इतक्या वर्षांची धूळ, आणि नाव रस्त्याच्या या बाजूला होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी डाव्या बाजूला वळलो, सांगायला. सवयीनं.

“मग देवाजी कोण?” मी विचारलं. “सुगंधा? शेषराव?”

“तुमाले काय करा लागते त्यायचं?”

“आम्हाला वाटलं, ते कवी. शेवटच्या कडव्यात नाव होतं म्हणून…”

कांताताई अशा हसल्या की फडकं गुंडाळणाऱ्या बायकाही थांबल्या. “अवं आयका! देवाजी कवी म्हने! देवाजीले सही येत नव्हती भाऊ!” सगळा घोळका हसला. मीही हसलो. थंडीनंतर पहिल्यांदा, बहुतेक. मग त्यांनी माझा हात धरून मला ओट्यावर बसवलं, शाळेतल्या पोराला बसवावं तसं.

“आमच्या इथं जे मानूस त्या सालात गेलं, त्याच्या नावानं पानपोई. बोर्ड नाई लावत आमी. गान्यातच नाव घेतो. मास्तरनं ते जागाच ठेवून देल्ली.” त्यांनी टिंबांवर बोट टेकवलं. “हे पाहा. छापखान्यानं बराबर छापलं हाये.”

“आणि मास्तरांचं नाव?”

“लागलं ना. ते गेले त्या साली. एकदा लागलं, मंग पुढच्या सालात दुसऱ्याचं. जागा एकच हाये, भाऊ. आडवून कसं चालंन?”

मी त्या पानाकडे पाहत होतो. वर्गात मुलांना नाममुद्रा समजावून सांगताना मी म्हणत असे, कवी शेवटी सही करून जातो, म्हणजे कविता त्याची राहते. हा माणूस सही न करता गेला होता. पुस्तकाचं कव्हर गेलं, पहिली पानं गेली, छापलेलं नाव सोलून कुठल्यातरी पुठ्ठ्याच्या लगद्यात मिसळलं; आणि त्यानं जी जागा रिकामी सोडली तेवढीच दरवर्षी कुणी ना कुणी तोंडानं भरत होतं. हे सगळं मला नंतर सुचलं, बसमध्ये. तिथं त्या ओट्यावर मला फक्त उठून जावंसं वाटत होतं. काम झालं होतं. नाव मिळालं होतं. पाच वाजून गेले होते, परतीची बस होती. मी पुस्तक पिशवीत घातलं, पुन्हा काढलं, कांताताईंना म्हटलं, याची झेरॉक्स पाठवतो, आणि चप्पल शोधू लागलो.

“कुठं चालले?” त्या म्हणाल्या. “गानं तं आयका.” मग मागे वळून, “कोनाचं नाव घेता वो यंदा?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. “यंदा कोनीच नाई ताई. देवाची किरपा म्हना.”

“चांगलं झालं. पन जागा मोकयी कशी ठेवाची?” कांताताईंची नजर घोळक्यावरून फिरली आणि माझ्यावर थांबली. “तुमचं कोनी गेलं का यंदा?”

सरळ विचारलं. हात पुसत, दुसऱ्या कामात असताना विचारावं तसं. मला थंडीपासून हे कुणी विचारलं नव्हतं.

“मित्र,” मी म्हणालो. आणि घाईनं जोडलं, “म्हणजे घरचं कोणी नाही. नुसता मित्र.”

“नाव सांगा.”

“रमेश.”

“कुठले?”

“चांदूर रेल्वेचे. इथंच असत, अकोल्याला. दरवर्षी समोर त्या रसवंतीत बसायचे.”

“ते रुमालवाले? मोठ्यानं हसत ते?” एक बाई म्हणाली. “अन् हे त्यायच्या संगचे. पाह्यलं आमी. आमाले वाटे का कोनी सरकारी लोकं हायेत, पानपोईची तपासनी कराले येतात.”

मग त्या गायला लागल्या. मी चप्पल हातात घेऊन उभा होतो. सगळी कडवी मला पाठ होती, तरी ऐकताना पुढचं काय येणार हे आठवेना. शेवटच्या कडव्याला कांताताईंनी पहिली ओळ एकटीनं उचलली. रमेश हे नाव त्या चालीत नीट बसत नव्हतं. त्यांनी ‘मे’ जरा जास्त ताणला आणि बसवून टाकला. *रमेश येऊन गेला.* मागून सगळ्या बायकांनी ती ओळ उचलली. ज्यांना त्याचा आवाजसुद्धा धड माहीत नव्हता अशा बायका, टाळ्या वाजवत, जोरात, रस्त्यावरच्या ऑटोंच्या आवाजाच्या वरून त्याचं नाव घेत होत्या. एकदा, परत एकदा. मला वाटलं आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत.

गाणं संपलं तेव्हा कांताताईंनी रांजणात स्टीलचा पेला बुडवला आणि माझ्यासमोर धरला.

“घ्या. पयला पेला घरच्यायचा रायते.”

“मी घरचा नाही.”

“मंग कोन हाये इथं त्यायच्या घरचं? घ्या लवकर. लोकं ताटकळले.”

मी घेतला. नव्या मातीचा आणि वाळ्याचा वास असलेलं पाणी, अजून पुरतं गार न झालेलं. उभ्यानंच प्यायलो. थोडं शर्टावर सांडलं. पेला संपला तरी तो तसाच हातात धरून मी उभा होतो.

मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. घामानं निथळणारा एक ऑटोवाला होता, ऑटो रस्त्यात तसाच सोडून आलेला.

“काका, झालं असंन तं सरका ना जरा बाजूले. मले पेऊ द्या.”

मी बाजूला झालो. त्यानं ओंजळ पुढे केली.